आधी ‘कोणता?’ विचारा, मग स्वल्पविराम द्या

प्रश्न ऐरोलीहून आला आहे. विचारणाऱ्या ताई परदेशी ग्राहकांचं काम पाहणाऱ्या एका कंपनीत आहेत. शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी बोलताना अडत नाहीत. पण त्यांचे मेल वरिष्ठांकडून खुणा होऊन परत येतात आणि खूण बहुतेक वेळा एकाच जागी असते: ‘हू’, ‘व्हिच’ किंवा ‘दॅट’च्या आसपासचा स्वल्पविराम. एकदा ‘इथे हवा’, एकदा ‘इथे नको’. कारण कुणी सांगत नाही. याला काही नियम आहे की ज्याची त्याची सवय, असं त्यांनी विचारलंय आणि सोबत स्वतःची तीन वाक्यं पाठवली आहेत:

‘द रिपोर्ट, दॅट आय सेंट ऑन मंडे, हॅज टू एरर्स.’
‘द क्लायंट हू कॉल्ड यस्टर्डे, ही वॉन्ट्स अ न्यू इन्व्हॉइस.’
‘द सर्व्हर व्हिच इज इन पुणे विल बी डाउन ऑन संडे.’

नियम आहे, आणि तो मराठी माणसाला लवकर कळायला हवा असा आहे. नौपाड्यात मोठ्या माणसांना इंग्रजी लिहायला शिकवताना मला चोवीस वर्षं झाली. एवढ्या काळात ज्या चुका मी सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केल्या, त्यांत ही पहिल्या दोनांत येईल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक जुनी समजूत सोडावी लागेल. वाचताना जिथे श्वास घ्यायला थांबतो तिथे स्वल्पविराम, असं आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. मराठीत त्यावर निभतं. आपल्याकडे विरामचिन्हं आली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीच्या नमुन्यावरून, आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्याआधीची मोडी कागदपत्रं पाहिलीत तर दोन शब्दांमध्येसुद्धा जागा सोडलेली नसते. वाचणारा विभक्तीच्या आणि क्रियापदाच्या आधारानं अर्थ लावत जायचा. इंग्रजीत ‘हू’ आणि ‘व्हिच’पाशी मात्र श्वासाचा संबंध नाही. तिथला स्वल्पविराम अर्थ बदलतो. एक ठिपका-शेपटी घातली की वाक्यातल्या माणसांची संख्या बदलते.

मराठीत म्हणा: ‘माझा ठाण्यात राहणारा भाऊ उद्या येतोय.’ मला भाऊ किती? या वाक्यावरून सांगता येत नाही. एकच असेल, तीनही असतील. आपलं ‘राहणारा’, ‘आलेला’, ‘दिलेली’ हे इतकं सोयीचं आहे, की बोलणाऱ्याला ते ठरवावंच लागत नाही. इंग्रजी ते ठरवायला लावते. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन ठाणे’ असं विनास्वल्पविराम लिहिलं तर मला आणखी भाऊ आहेत आणि त्यांतला ठाण्याचा येतोय. ‘माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन ठाणे,’ असं दोन्हीकडे स्वल्पविराम देऊन लिहिलं तर भाऊ एकच, आणि तो ठाण्यात असतो ही जाता जाता दिलेली माहिती. ‘माय वाइफ हू वर्क्स इन बेलापूर’ असं एका विद्यार्थ्यानं व्हिसाच्या अर्जासोबतच्या पत्रात लिहिलं होतं. पत्र पाठवण्याआधी त्यानं मला दाखवलं हे बरं झालं. स्वल्पविराम नसल्यामुळे, बेलापूरला काम करणारी बायको वेगळी आणि दुसरी वेगळी, असा त्याचा अर्थ होत होता.

मग ठरवायचं कसं? नामापाशी थांबा आणि ‘कोणता?’ असं विचारा. ऐकणाऱ्याला तो प्रश्न पडणार असेल आणि ‘हू’पासूनचा तुकडा त्याचंच उत्तर देत असेल, तर स्वल्पविराम नाही. ऐकणाऱ्याला कोणता ते आधीच ठाऊक असेल आणि तुकडा फक्त भर घालत असेल, तर स्वल्पविराम, आणि तोही दोन्ही बाजूंना. ठाणे स्टेशनात ट्रान्सहार्बरच्या फलाटावर उभे असाल तर वाशीची, नेरुळची, पनवेलची अशा गाड्या एकामागून एक लागतात. तिथे नुसतं ‘गाडीत चढ’ म्हणून भागत नाही. कोणत्या? ‘द ट्रेन दॅट गोज टू पनवेल.’ स्वल्पविराम नाही, कारण तो तुकडा काढला तर समोरचा वाशीला उतरेल. आता वाक्य असं घ्या: ठाणे, जिथे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी पोचली, ते आता प्रचंड गर्दीचं स्टेशन आहे. इथे ‘कोणतं ठाणे?’ असं कुणी विचारणार नाही. म्हणून इंग्रजीत ‘ठाणे’नंतर स्वल्पविराम, मग ‘व्हेअर’ने सुरू होणारा तुकडा, तो संपला की पुन्हा स्वल्पविराम.

विशेषनामापुढे स्वल्पविराम, असं पुस्तकं सांगतात ते यामुळे. पण त्याचं पाठांतर करू नका. ‘द ठाणे दॅट आय न्यू ॲज अ चाइल्ड’ यात ठाणे विशेषनामच आहे, तरी स्वल्पविराम नाही. लहानपणी पाहिलेलं ठाणं आणि आजचं ठाणं अशी दोन झाली, म्हणून ‘कोणतं?’ हा प्रश्न परत जिवंत झाला. नियम नामाच्या जातीचा नाही, प्रश्नाचा आहे.

दुसरी कसोटी मला ‘कोणता?’पेक्षाही आवडते, कारण ती आपल्या भाषेतून आलेली आहे. वाक्य मराठीत ‘जो… तो’ लावून म्हणून पाहा. ‘जो भाऊ ठाण्यात राहतो तो उद्या येतोय.’ लगेच कानाला कळतं, की भाऊ एकापेक्षा जास्त आहेत. भाऊ एकच असेल तर आपण तसं म्हणतच नाही. आपण वाक्य तोडतो: ‘माझा भाऊ उद्या येतोय. ठाण्यात असतो तो.’ म्हणजे फरक मराठीतही आहे, फक्त ‘राहणारा’च्या घडीत तो दिसत नाही. घडी उलगडली की दिसतो. ‘जो… तो’ सहज बसला तर इंग्रजीत स्वल्पविराम नको. मराठीत दोन वाक्यं करावीशी वाटली तर हवा. ‘ठाणे, जे तलावांचं शहर आहे, ते…’ असली वाक्यं हल्ली छापलेली दिसतात, ती कसोटीला धरू नका. ती इंग्रजीवरून उतरवलेली आहेत आणि घरात असं कुणी बोलत नाही.

या कसोटीचं मोल मला एका नोटिशीनं दाखवलं. कोपरखैरण्यातली एक गृहनिर्माण सोसायटी. लिफ्टशेजारच्या फलकावर इंग्रजीत नोटीस लागली: ‘मेंबर्स, हू हॅव नॉट पेड मेंटेनन्स फॉर द लास्ट थ्री मंथ्स, विल नॉट बी इश्यूड पार्किंग स्टिकर्स.’ माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील तिथे राहतात. सत्तरी ओलांडलेले, सरकारी नोकरीतून निवृत्त, मेंटेनन्स दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरणारे. नोटिशीचा फोटो आणि पावत्यांची फाइल घेऊन ते माझ्याकडे आले. त्यांचं इंग्रजी जुन्या वळणाचं आणि पक्कं होतं. ते म्हणाले, ‘बाई, यात सगळ्या सभासदांना थकबाकीदार म्हटलंय. मी बरोबर वाचतोय ना?’

बरोबरच वाचत होते. ‘मेंबर्स’नंतर स्वल्पविराम आला की ‘हू’पासूनचा तुकडा निवड करत नाही, तो सगळ्या सभासदांविषयीची माहिती होतो. नोटीस सांगत होती: सभासदांना स्टिकर मिळणार नाहीत, आणि हो, सभासदांनी तीन महिने पैसेही भरलेले नाहीत. त्या गृहस्थांना स्टिकरचं काही वाटलं नव्हतं. आयुष्यभर वेळेवर पैसे भरलेल्या माणसाचं नाव त्या कागदानं थकबाकीत घातलं, हे त्यांना लागलं होतं. ते सेक्रेटरींना भेटले तेव्हा सेक्रेटरी तत्काळ म्हणाले, ‘काका, तुम्हाला नाही हो, ज्यांनी भरले नाहीत त्यांना!’ पाहा, ‘ज्यांनी… त्यांना’. बरोबर वाक्य त्यांच्या तोंडात होतं, कागदावर उतरताना दोन स्वल्पविराम घुसले. ते दोन काढून नोटीस पुन्हा लागली, एक शब्दही बदलावा लागला नाही. तेव्हापासून वर्गात पहिल्या दिवशी मी हेच वाक्य फळ्यावर लिहिते, आधी स्वल्पविरामांसह, मग ते पुसून.

आता शब्दांकडे. आपल्याकडे प्रश्नाचे शब्द ‘क’चे आणि जोडणारे ‘ज’चे: कोण-जो, कुठे-जिथे, केव्हा-जेव्हा. इंग्रजीला हा ‘ज’ नाही. ‘हू’ कोणही आहे आणि जोही, ‘व्हेअर’ कुठेही आहे आणि जिथेही. शाळेत ‘हू म्हणजे कोण’ असं घोकल्यामुळे ‘जो’ अर्थाचा ‘हू’ पुष्कळांना उपरा वाटत राहतो. ‘जॉइन द सेंटेन्सेस युझिंग हू’ असा सराव केलेला असतो, पण त्यात जोडायला शिकवतात, जोडल्यावर स्वल्पविराम द्यायचा की नाही हे तिथे सुटून जातं.

‘दॅट’ला स्वल्पविराम चालत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या लाल खुणा जातील. ‘दॅट’ नेहमी निवड करतो, ‘कोणता?’चं उत्तर देतो. म्हणून जाता जाता दिलेल्या माहितीला तो लावता येत नाही. तिथे माणसासाठी ‘हू’ आणि वस्तूसाठी ‘व्हिच’. आणि ‘इन’, ‘फॉर’, ‘टू’ यांच्या लगेच पुढेही ‘दॅट’ बसत नाही: ‘द बिल्डिंग इन व्हिच वुई लिव्ह’ म्हणायचं, ‘इन दॅट’ नाही.

उलट बाजूनं, स्वल्पविराम नसताना ‘व्हिच’ चालतो का? यावरून ऑफिसांमध्ये बरीच ओढाताण होते, म्हणून सांगते. चालतो. १९२६ साली एच. डब्ल्यू. फाउलर यांनी आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात सुचवलं, की निवडीसाठी ‘दॅट’ आणि भर घालण्यासाठी ‘व्हिच’ अशी वाटणी झाली तर बरं होईल. मात्र बहुतेक लेखक किंवा उत्तम लेखक तसं करतात असा दावा करणं व्यर्थ आहे, हेही त्यांनीच लिहून ठेवलं. पुढे अमेरिकेतल्या संपादकांनी ती सूचना नियमासारखी उचलली. ब्रिटिश लेखनात निवडीचा ‘व्हिच’ आजही विनास्वल्पविराम सर्रास असतो. तेव्हा तुमचा ग्राहक अमेरिकी असेल तर निवडीला ‘दॅट’च वापरा. ब्रिटिश असेल तर दोन्ही बरोबर.

याच्या आड एक सापळा आहे. टाइप करताना अशा ‘व्हिच’खाली सॉफ्टवेअर रेघ ओढतं आणि सुचवतं, की ‘व्हिच’च्या आधी स्वल्पविराम द्या किंवा ‘दॅट’ करा. घाईत माणूस पहिल्या सूचनेवर क्लिक करतो, रेघ जाते, अर्थही जातो. ‘द इन्व्हॉइसेस व्हिच वेअर रिजेक्टेड मस्ट बी सेंट अगेन’ म्हणजे ज्या नाकारल्या गेल्या त्या परत पाठवा. स्वल्पविराम पडला की सगळ्याच नाकारल्या गेल्या आणि सगळ्याच परत पाठवायच्या. किती इन्व्हॉइस नाकारल्या गेल्या हे त्या यंत्राला ठाऊक नाही, तुम्हाला आहे. म्हणून ती रेघ पाहिली की क्लिक करण्याआधी ‘कोणत्या?’ विचारा.

मिटणारा स्वल्पविराम विसरणं, ही माझ्याकडे येणाऱ्या लिखाणातली सगळ्यात जास्त आढळणारी चूक. ‘माय मॅनेजर, हू इज ऑन लीव्ह विल रिप्लाय ऑन फ्रायडे.’ कंस उघडला आणि मिटलाच नाही. हा स्वल्पविरामांचा जोड म्हणजे कंसच आहे, त्याच्या आतलं सगळं उचलून बाजूला ठेवलं तरी बाहेरचं वाक्य उभं राहायला हवं.

या जोडाची ताकद किती, ते कॅनडातल्या एका करारात दिसलं. ‘हू’-‘व्हिच’चं ते वाक्य नव्हतं, पण तत्त्व हेच. रॉजर्स या कंपनीनं २००२ साली खांबांवरून तारा नेण्याचा करार केला होता. करार पाच वर्षं चालेल, आणि त्यानंतर पुढच्या पाच-पाच वर्षांसाठी, एक वर्षाची नोटीस देऊन रद्द केला नाही तर, अशा अर्थाचं वाक्य होतं. ‘पुढच्या पाच-पाच वर्षांसाठी’नंतर स्वल्पविराम होता. त्यामुळे मधला तुकडा कंसात गेला आणि रद्द करण्याची अट पहिल्या पाच वर्षांनाही जाऊन चिकटली. २००६ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकानं त्या स्वल्पविरामाच्या आधारे, करार आधीच मोडता येतो, असा निर्णय दिला. २००७ मध्ये कराराचा फ्रेंच मसुदा पुढे आला, त्यात असा संदिग्धपणा नव्हता, आणि निर्णय फिरला. दोन भाषांत मसुदे करणाऱ्या आपल्या लोकांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. एका भाषेत वाक्य दोन अर्थांचं वाटलं तर दुसरीत म्हणून पाहावं, ‘जो… तो’ची कसोटी म्हणजे तेच.

मराठीचा आधार जसा मिळतो तसा तिचा ठसाही उमटतो. ‘जो काल आला तो’ मधला ‘तो’ आपल्याला सोडवत नाही, म्हणून ‘द मॅन हू केम यस्टर्डे, ही इज माय अंकल’ असं होतं. इंग्रजीत ‘तो’चं काम ‘द मॅन’नं आधीच केलेलं असतं, परत ‘ही’ नको. ‘द बुक व्हिच आय बॉट इट’ मधला ‘इट’ही तसाच, ‘जे पुस्तक मी घेतलं ते’ मधून आलेला. आणि ‘ही’ काढल्यावर मागे राहणारा स्वल्पविरामही काढा. कर्ता कितीही लांब झाला तरी कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम येत नाही. ‘एनीवन हू वॉन्ट्स टू पार्क इन द बेसमेंट मस्ट रजिस्टर’ हे एका दमात लिहायचं, वाचताना दम लागला तरी.

‘तो म्हणाला की,’ असं लिहायची सवय पुष्कळांना आहे. तीच ‘ही सेड दॅट,’ होऊन इंग्रजीत जाते. हा ‘दॅट’ जोडणारा ‘की’ आहे, ‘जो’ नव्हे, पण स्वल्पविराम त्यालाही नको, ना आधी ना नंतर.

एक जागा अशी, की तिथे स्वल्पविराम कधीही टळत नाही: ‘व्हिच’ जेव्हा एका शब्दाबद्दल नाही, मागच्या संपूर्ण घटनेबद्दल बोलतो. ‘ही रिप्लाइड विदिन अ मिनिट, व्हिच सरप्राइज्ड मी.’ मिनिट चकित करणारं नव्हतं, लगेच उत्तर देणं होतं. आपण इथे ‘याचं मला आश्चर्य वाटलं’ म्हणतो. तसंच ‘वुई हॅव थ्री लिफ्ट्स, टू ऑफ देम आर अंडर रिपेअर’ हे मराठी कानाला बरोबर वाटतं, कारण आपण नुसत्या स्वल्पविरामानं दोन वाक्यं जोडतो. इंग्रजीत ‘टू ऑफ व्हिच’ हवं, माणसं असतील तर ‘टू ऑफ हूम’. ‘हूम’ची धास्ती घेणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की ‘ऑफ’, ‘टू’, ‘विथ’ यांच्या लगेच पुढे ‘हूम’ लिहा, बाकी ठिकाणी रोजच्या मेलमध्ये ‘हू’ कुणालाही खटकत नाही.

अपॉस्ट्रॉफीचा ‘हूज’ म्हणजे ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’, ‘ज्याचा’ या अर्थाचा ‘हूज’ सलग आणि शेवटी ‘ई’ असलेला. उच्चार एकच असल्यामुळे घोळ होतो. ‘ज्याचा’ वस्तूंनाही चालतो: ‘अ बिल्डिंग हूज लिफ्ट इज न्यू’ यात काही चूक नाही.

आता तुमची तीन वाक्यं.

पहिल्यात ‘दॅट’ आणि स्वल्पविराम एकत्र आले आहेत, दोन्हींपैकी एक जाणार. तुम्ही आठवड्यात बरेच रिपोर्ट पाठवत असाल आणि त्यांतला सोमवारचा सांगायचा असेल तर दोन्ही स्वल्पविराम काढा: ‘द रिपोर्ट दॅट आय सेंट ऑन मंडे हॅज टू एरर्स.’ यात ‘दॅट’ही गाळता येतो, कारण पाठवणाऱ्या तुम्ही आहात, रिपोर्ट नव्हे, ‘द रिपोर्ट आय सेंट ऑन मंडे’ जास्त सहज वाटेल. मेलच्या साखळीत रिपोर्ट एकाच विषयाचा चालू असेल तर स्वल्पविराम ठेवा आणि ‘दॅट’च्या जागी ‘व्हिच’ घाला.

दुसऱ्यात ‘ही’ आणि त्याच्याआधीचा स्वल्पविराम दोन्ही पुसा. बाकी वाक्य उत्तम आहे.

तिसऱ्याला व्याकरणानं खूण करता येत नाही. पुण्यात एक सर्व्हर आणि इतरत्र आणखी सर्व्हर असतील तर तुम्ही लिहिलंय ते तसंच बरोबर आहे. ग्राहक अमेरिकी असेल तर फक्त ‘व्हिच’चा ‘दॅट’ करा. सर्व्हर एकच असेल आणि तो पुण्यात असेल तर ‘सर्व्हर’नंतर एक आणि ‘पुणे’नंतर एक असे दोन स्वल्पविराम द्या. या वाक्यावरून ग्राहक रविवारी आपलं काम दुसऱ्या सर्व्हरवर चालेल की पूर्ण बंद राहील हे ठरवणार आहे. तेव्हा वरिष्ठांनी या वाक्यावर खूण केली असेल, तर उद्या त्यांना एवढंच विचारा: आपले सर्व्हर किती?